घार, शिक्रा आणि आपल्या परसातली पिल्लं: पक्ष्याला न दुखवता कोंबड्या कशा राखाव्यात

पहिल्या वर्षी माझ्या खुडूक कोंबडीनं चौदा अंड्यांतून बारा पिल्लं काढली. पंधरवड्यात त्यांतली तीनच उरली. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं घर. शेजारची मोठी माय ओट्यावरून “घार उनी, घार उनी!” असं ओरडायची आणि मी हातातलं काम टाकून परसात धावायचे. तोवर उशीर झालेला असायचा. कोंबडी पिसं फुलवून, गळा काढून फिरत असायची.

त्या दिवसांत सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं गलोल ठेव, कुणी म्हणालं मेलेल्या पिल्लाला औषध लावून छपरावर ठेव. ते मी केलं नाही, आणि न करता काम झालं. पुढच्या चार वर्षांत एकेक गोष्ट करून पाहिली. गेल्या दोन हंगामांत मिळून पक्ष्यानं नेलेली माझी पिल्लं दोनच, तीही दार उघडं राहिलं तेव्हा. नव्यानं पाच-दहा गावरान कोंबड्या पाळणाऱ्यांना इतकी पिल्लं गमवावी लागू नयेत, म्हणून हे सगळं क्रमानं लिहिते.

१. आधी नेणारा कोण ते ओळखा

हे न करता जाळी आणायला गेलात तर पैसे चुकीच्या जागी जातील. पहिले तीन महिने मी प्रत्येक पिल्लू घारीच्या नावावर लिहीत होते. त्यातली निम्मी तरी मुंगसानं नेलेली असावीत, हे मला नंतर कळलं.

घार उंच गोल घिरट्या घालते. तिची शेपटी माशाच्या शेपटीसारखी मधे खाचलेली दिसते. ऊन चढून हवा तापली की ती वर दिसू लागते आणि मोकळ्या अंगणात फिरणारं छोटं पिल्लू उचलते. वाढलेली कोंबडी सहसा तिच्या आवाक्यातली नसते. तिला मेलेलं, सडलेलं, मासळीची घाणही चालते, आणि हे पुढं कामाला येणार आहे.

शिक्रा वेगळा. कबुतराएवढाच, राखी पाठीचा, छातीवर तांबूस आडव्या रेघांचा, डोळे पिवळे ते लाल. तो आभाळात घिरट्या घालत बसत नाही. निंबाच्या किंवा आंब्याच्या फांदीत गप्प बसतो आणि कुंपणाच्या उंचीनं सरळ येतो. तुम्हाला तो दिसतच नाही, फक्त कोंबड्यांची पळापळ ऐकू येते. मार्च ते जून हा त्याच्या विणीचा काळ. घरट्यात पिल्लं असली की त्याच्या फेऱ्या वाढतात. आमच्याकडे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास सुरू होऊन पहिला पाऊस पडेपर्यंत त्याचा त्रास सगळ्यात जास्त असतो.

डोंगराच्या कडेला राहत असाल तर मोठे गरुडही येतात. ते क्वचित दिसतात, पण पूर्ण वाढलेली कोंबडीही मारू शकतात. रात्री झाडावर बसणाऱ्या कोंबडीला मोठ्या शिंगी घुबडाची भीती असते.

आता ज्यांना उगाच शिव्या बसतात ते. कापशी नावाची पांढरी-राखी, खांद्यावर काळा डाग असलेली छोटी घार शेतावर एकाच जागी पंख हलवत हवेत उभी राहते. तिचं खाणं उंदीर आणि नाकतोडे. केळीच्या मळ्यात आणि गव्हाच्या वावरात ती आपलंच काम करते. पिंगळा किडे आणि उंदीर खातो. आणि पावशा! पावसाच्या तोंडावर “पेरते व्हा” म्हणणारा हा पक्षी दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा असतो, छोटे पक्षीही त्याला पाहून घाबरतात. तो मुख्यतः अळ्या खातो. चोच पाहा: शिक्र्याची आकड्यासारखी वाकलेली असते, पावशाची जवळजवळ सरळ. आमच्या गल्लीतल्या पोरांनी शिक्रा समजून पावशावर दगड मारलेले मी पाहिले आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगते.

खुणा वाचायला शिका. पिसं एका जागी उपटून गोल पसरलेली असतील तर बहुधा शिकारी पक्षी. एका वेळी तीन-चार कोंबड्या मेलेल्या आणि नुसत्याच टाकलेल्या असतील तर ते पक्ष्याचं काम नाही, तिथं मुंगूस, रानमांजर किंवा कुत्रा शोधा. खुराड्याचं दार लावलेलं असूनही आतून पिल्लू गेलं तर उंदीर, साप किंवा जाळीतलं भोक. पिल्लू दिवसा काही खूण न ठेवता गायब झालं तर घार, कावळा, भारद्वाज, मांजर यांपैकी कुणीही. अशा वेळी एक सुटीचा दिवस काढून ओट्यावर बसा आणि पाहत राहा. मी दोन रविवार बसले, तेव्हा कावळा पकडला गेला.

२. काय करायचं नाही

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली हे पक्षी संरक्षित आहेत. मारणं तर सोडाच, पकडणं, फास लावणं, विष ठेवणं, घरटं मोडणं, अंडी काढणं हेही शिकारीतच मोजलं जातं. “माझी कोंबडी नेली” हे कारण तिथं चालत नाही.

पण मला कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. विष लावलेलं पिल्लू घारच खाईल असं नाही. गावातलं कुत्रं खाईल, मांजर खाईल, आणि उरलेलं तुमच्याच कोंबड्या टोचतील. सुतळी बॉम्ब वाजवला तर घार तेवढ्यापुरती उडते, पण कोंबड्या घाबरून अंडी द्यायच्या थांबतात. पतंगाचा नायलॉन मांजा परसावर ताणणारे मी पाहिले आहेत. तो दिसत नाही आणि पंख कापतो. बगळा, पोपट, घुबड जे सापडेल ते त्यात अडकून तडफडत मरतं. मांजा कधीही वापरू नका.

घुबडांबद्दल खानदेशातल्या माणसानं थोडं जास्त जपावं. रानपिंगळा हा छोटा घुबड १८८४ नंतर ११३ वर्षं कुणाला सापडला नव्हता, जगातून नाहीसा झाला असंच धरलं होतं. तो १९९७ मध्ये पुन्हा दिसला, तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात. हा पक्षी दिवसाही हिंडतो. सातपुड्याच्या कडेला दिवसाउजेडी दिसलेल्या घुबडावर दगड उचलण्याआधी एवढं आठवा.

३. सामान जमवा

आधी घरात आणि मळ्यात काय पडलंय ते पाहा, मग बाजारात जा. मला लागलं ते असं:

- एक ते दीड इंच भोकाची, जाड दोऱ्याची पक्ष्यांसाठीची जाळी. मासे धरायची बारीक नायलॉनची नको.
- खालच्या दोन फुटांसाठी अर्धा इंची लोखंडी वेल्डची जाळी
- बांबू किंवा निलगिरीच्या बल्ल्या, साडेआठ-नऊ फुटी
- ६ मिलिमीटरची सळई आणि ठिबकची जुनी नळी
- हिरवी शेडनेट, बाइंडिंग तार, पक्कड, विळा
- बुरडाकडून एक मोठं डालं
- पऱ्हाटी (कपाशीच्या वाळक्या काड्या), तुराट्या (तुरीच्या काड्या), जुनी खाट, फाटकं गोणपाट

शेवटच्या ओळीतल्या सामानाला पैसे पडत नाहीत, आणि माझी निम्मी पिल्लं त्यानंच वाचवली.

४. पहिले दोन महिने पिल्लांच्या डोक्यावर छत हवंच

सगळ्या लेखातून एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. पक्षी नेतो ती बहुतेक पिल्लं आठ आठवड्यांच्या आतली असतात. तेवढा काळ ती उघड्या आभाळाखाली एकटी फिरली नाहीत तर त्रासाचा मोठा भाग तिथंच संपतो.

पहिले दहा-बारा दिवस आई आणि पिल्लं डाल्याखाली. डाल्यावर दगड ठेवा, नाहीतर मांजर ते उलटवतं. दिवसातून दोन-तीन वेळा जागा बदला, म्हणजे खालची जमीन ओली राहत नाही आणि पिल्लांना टिपायला नवं मिळतं.

मग बोगदा. सळईचे साडेसहा-सात फुटी तुकडे कापून कमानीसारखे वाकवा आणि दोन्ही टोकं अर्धा-पाऊण फूट जमिनीत ठोका. ठोकण्याआधी प्रत्येक सळई ठिबकच्या जुन्या नळीतून ओवून घ्या. तापलेली, गंजलेली सळई जाळीला घासत नाही, जाळी दुप्पट टिकते. दोन-दोन फुटांवर एक कमान, वरून जाळी ताणून, कडा माती आणि विटांनी दाबलेल्या. माझा बोगदा बारा फुटांचा आहे आणि उंचीला कमरेपेक्षा थोडा कमी. एका टोकाला खुराडं, दुसऱ्या टोकाला दार. पिल्लं दिवसभर हिरवळ टिपतात आणि शिक्रा बाहेर निंबावर बसून राहतो. तो आठवडाभर आला, मग यायचा बंद झाला.

आमच्याकडच्या बाया पिल्लांना गुलाबी रंग लावतात. आपलं-शेजारणीचं ओळखायला तो चांगला आहे, मीही लावते. पण रंगामुळं घार येत नाही या भरवशावर पिल्लं मोकळी सोडू नका.

५. मोठ्या कोंबड्यांसाठी वरून बंद परस

आठ-दहा कोंबड्यांसाठी मी दहा बाय पंधरा फुटांची जागा बंद केली. उंची सात फूट ठेवली, कारण वाकून झाडलोट करावी लागली की आठ दिवसांत कंटाळा येतो आणि दार उघडं राहायला लागतं.

जाळी ताणलेलीच हवी. ढिली, लोंबणारी जाळी हा सगळ्यात मोठा सापळा आहे. तिच्यात घुबडाचा पंजा अडकतो, चिमणी अडकते, कोंबडीचीही मान अडकते. बोटानं दाबल्यावर ती परत वर आली पाहिजे. दर सहा फुटांवर आधार द्या. कडा बल्लीला नुसत्या बांधू नका, पट्टी ठोकून पक्क्या करा. वैशाखातलं वावधन, म्हणजे वादळी वारं, आलं की जाळीचं खरं काम कळतं. माझी पहिली जाळी एका संध्याकाळी शेजारच्या केळीत जाऊन पडली होती.

बाजूंना खालचे दोन फूट लोखंडी जाळी, आणि तिची कड अर्धा फूट जमिनीत पुरलेली. हे पक्ष्यासाठी नाही, मुंगसासाठी आहे. वरून बंदोबस्त केला आणि खालून मोकळं ठेवलं, ही चूक मी केली आहे.

पूर्ण जाळी परवडत नसेल तर परसावर फूट-फूट अंतरानं जाड पांढऱ्या दोऱ्या समांतर ताणा. घारीला खाली झेपावून पुन्हा उठायला मोकळी जागा लागते, ती मिळाली नाही की ती टाळते. शिक्र्यावर हा उपाय चालत नाही, तो दोऱ्यांमधून निसटतो. दोरी जाड आणि ठळक दिसणारी घ्या.

६. मे महिन्यात बंद कोंबडी उन्हानं मरते, हे विसरू नका

हे माझ्या परसात झालंय. शिक्र्याच्या भीतीनं मी चार कोंबड्या दुपारी पत्र्याच्या खुराड्यात कोंडल्या. तीन वाजता दोन गेल्या होत्या. जळगावात मेमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढं जातो, आणि पत्र्याखाली त्याहून जास्त.

म्हणून बंद परसावर पश्चिमेच्या बाजूनं शेडनेट टाका, एक कोपरा गोणपाटानं झाका आणि गोणपाट दुपारी दोनदा भिजवा. पाण्याची मातीची पसरट भांडी सावलीत, दोन ठिकाणी. खुराड्याला पत्रा असेल तर त्यावर पऱ्हाटीचा किंवा केळीच्या वाळक्या पानांचा जाड थर द्या. कोंबडी चोच उघडी ठेवून, पंख लांब करून धापा टाकत असेल तर आधी तिला सावली आणि पाणी द्या.

७. लपायला जागा ठेवा

झाडून स्वच्छ केलेलं, मोकळं अंगण आपल्याला छान दिसतं. शिक्र्यालाही. कोंबडीला धोका दिसल्यावर दोन-तीन सेकंदांत कशाखाली तरी शिरता आलं पाहिजे. म्हणून दर दहा-पंधरा पावलांवर काहीतरी आडोसा हवा: एक पाय मोडलेली खाट, उभी केलेली बैलगाडी, विटांवर ठेवलेली फळी, तुराट्यांचा तंबू. मी कुंपणाच्या आत अडुळसा आणि मेंदी लावली. तिसऱ्या वर्षी ती इतकी दाट झाली की उन्हाळ्यात कोंबड्या दिवसभर तिच्याखालीच माती उकरत बसतात.

दाणा कधीही मोकळ्यावर फेकू नका. दाण्यावर होले, चिमण्या, खारी येतात आणि त्यांच्यामागे शिक्रा येतो. दाणा जाळीखाली, भांड्यात, आणि उरलेला संध्याकाळी उचलायचा.

८. राखणदार

एक जाणता कोंबडा ठेवा. आभाळातल्या धोक्याला तो वेगळा आवाज काढतो आणि जमिनीवरच्या कुत्र्या-मांजराला वेगळा. महिनाभर कान दिलात तर तुम्हालाही फरक कळेल. घारीच्या इशाऱ्यावर कोंबड्या जागच्या जागी दबतात किंवा आडोशाला पळतात, कुत्र्याच्या इशाऱ्यावर माना उंच करून कलकलाट करतात.

दुसरा राखणदार फुकटचा आहे: कोतवाल. दुभंगलेल्या लांब शेपटीचा हा काळा पक्षी घरट्याच्या दिवसांत घार, शिक्रा, कावळा, कुणालाही सोडत नाही. घारीच्या पाठीवर चोची मारत तिला पार शिवेबाहेर काढताना मी कितीदा पाहिलंय. म्हणूनच होले आणि बुलबुल त्याच्या झाडावर घरटी करतात. परसाजवळच्या झाडावर कोतवालाचं घरटं असेल तर त्या झाडाच्या फांद्या छाटायचं काम पावसाळ्यानंतर करा. कपाशीत अळ्या खायला पक्षी यावेत म्हणून आपण पक्षीथांबे लावतो, ते मात्र कोंबड्यांच्या परसापासून लांब ठेवा. त्या थांब्यावर कोतवाल बसतो तसा शिक्राही बसतो.

९. चमकी आणि बुजगावणं

ज्वारी-बाजरीवर बांधतात ती चमकीची पट्टी, जुन्या सीड्या, बुजगावणं, सगळं चालतं, पण तीन-चार दिवस. पक्षी हुशार असतात. जागा आणि रूप बदलत राहिलात तर उपयोग होतो. मी या वस्तू फक्त हल्ल्याच्या आठवड्यात बाहेर काढते, म्हणजे त्यांचा धाक शिल्लक राहतो.

मेलेला कावळा टांगायचा सल्ला मिळेल. तो घेऊ नका, कारण पुढच्या मुद्द्यात आहे.

१०. घारीला आमंत्रण देऊ नका

मासळीची घाण, सोललेल्या कोंबडीची आतडी, मेलेलं पिल्लू उकिरड्यावर टाकलं की घार रोज येते. मग उकिरड्यावरून तिची नजर परसावर जाते. हे सगळं दोन फूट खोल खड्ड्यात, वर चुना टाकून पुरा.

याला दुसरंही कारण आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशात पहिल्यांदा कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला तो आपल्या नवापुरात. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना सांगायला नको. मेलेला पक्षी, मग तो कावळा असो की आपली तळंग (तरणी कोंबडी), उघड्या हातानं उचलायचा नाही आणि टांगायचा तर मुळीच नाही. एकदम चार-पाच कोंबड्या मेल्या तर पुरण्याआधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

११. हल्ला झाला तर

एकदा खाणं मिळालं की पक्षी त्याच वेळेला, त्याच वाटेनं पुन्हा येतो. म्हणून पहिल्या हल्ल्यानंतरचे आठ-दहा दिवस महत्त्वाचे. कोंबड्या जाळीबाहेर सोडूच नका. हे दिवस चुकवले तर तुमचं परस त्याच्या रोजच्या फेरीत जमा होतं, मग महिना जातो.

जखमी कोंबडी वेगळी, अंधाऱ्या शांत जागी ठेवा. जखम कोमट मिठाच्या पाण्यानं धुऊन हळद लावा. पाठीवर नखांची खोल भोकं असतील तर डॉक्टरांना दाखवा. वरून लहान दिसतात, आत खोल असतात. बाकीच्या कोंबड्या रक्त पाहून टोचतात, म्हणून ती बरी होईपर्यंत मिसळू देऊ नका.

१२. पक्षीच आत अडकला तर

कधीतरी शिक्रा पिल्लामागे दारातून आत शिरतो आणि मग त्याला वाट सापडत नाही. घाबरून जाळीवर आपटत राहतो. आरडाओरडा करू नका. कोंबड्या खुराड्यात घ्या, दार पूर्ण उघडा, दाराच्या समोरची बाजू गोणपाटानं झाका आणि सगळे लांब व्हा. उजेडाच्या दिशेनं तो बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत निघून जातो.

पंख किंवा पाय जाळीत गुंतला असेल तर ओढू नका. आधी अंगावर जाड टॉवेल टाका. डोळे झाकले की तो बराच शांत होतो. पायांपासून जपा, जखम चोचीपेक्षा नखांनी जास्त होते. एकानं टॉवेलसकट धरावं, दुसऱ्यानं कात्रीनं जाळी कापावी. पक्षी सोडवायला जाळी कापली तर जाळीच नवी घ्यावी लागेल, कापा. उडू शकत नसेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून झाकण लावा. चोचीत पाणी, दूध, खाणं काहीही घालू नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा आणि माणूस येईपर्यंत खोकं सावलीत, पोरांपासून लांब ठेवा.

माझ्याकडे असा एक शिक्रा गेल्या वैशाखात सापडला होता, पायात जाळीचा दोरा रुतलेला. दोरा कापून ओट्याच्या कडेला टॉवेल उघडला. तो क्षणभर बसून राहिला, मग उडून समोरच्या निंबावर गेला. त्या दिवशी संध्याकाळीच मी जाळीच्या सगळ्या ढिल्या कडा पुन्हा ताणून घेतल्या.